साहेबाचा राग आणि आपला राग

कार्यालयात राग सर्वांनाच येतो. पण तिथे एकाच रागाला तीन नावे आहेत. साहेब चिडले तर ती शिस्त असते. वरच्या जातीतला कारकून चिडला तर ‘आज घरी काहीतरी बिनसलेले दिसते’ असे म्हणून त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला जातो. आणि आपला माणूस चिडला की टेबलाटेबलावर कुजबुज सुरू होते, ‘यांच्याशी बोलायची सोय नाही, लगेच जातीवर नेतात!’ ज्या समाजबांधवांनी नोकरीत दहा-वीस वर्षे काढली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण आता आपली मुले-मुली नव्याने नोकरीला लागत आहेत. कोणी कार्यालयात, कोणी कारखान्यात, कोणी मॉलमध्ये, कोणी रुग्णालयात. त्यांच्यासाठी हा विषय मांडणे मला गरजेचे वाटते.

एका कार्यालयातील प्रकार सांगतो. परीक्षा देऊन राखीव जागेवर लागलेला एक तरुण लिपिक, घरातला पहिला पदवीधर. रुजू झाला त्याच आठवड्यात शेजारचे वरिष्ठ लिपिक हसत हसत म्हणाले, ‘तुमचे काय बाबा, तुम्ही सरकारचे जावई!’ सगळे हसले, हाही हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रजा मागितली तरी तेच, काम वेळेत संपवले तरी तेच. असे दोन-तीन महिने चालले. एके दिवशी याच्या हातात आवक-जावकाची नोंदवही होती, ती त्याने टेबलावर अशी आपटली की तिची शिवण उसवली, आणि तोंडातून एक वाईट शब्दही गेला. दुसऱ्या दिवशी हातात मेमो! कार्यालयीन नोंदवहीचे नुकसान व वरिष्ठांशी असभ्य वर्तन, तीन दिवसांत खुलासा सादर करावा. त्या मेमोत टोमण्याचा एक शब्दही नव्हता, कारण टोमणा कधी कोणत्या कागदावर आलेलाच नव्हता. आपटलेली नोंदवही मात्र कागदावर आली. दोन-तीन महिन्यांचा अपमान त्याचा आणि एका मिनिटाचा राग कार्यालयाचा, असा हा हिशेब! मी वाणिज्य शाखेचा माणूस. ज्या हिशेबात जमेची बाजूच लिहिलेली नाही तो ताळेबंद कसा जुळायचा?

हल्ली या विषयाला ‘भावनिक बुद्धिमत्ता’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. मोठ्या कंपन्यांत आणि सरकारी प्रशिक्षण संस्थांत त्यावर व्याख्याने होतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली या नावाचा निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९९५ साली डॅनियल गोलमन यांनी याच नावाचे पुस्तक लिहिले आणि ते जगभर खपले. सांगणे थोडक्यात असे : आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखावे, समोरच्याच्या मनातले ओळखावे, आणि भावनेला कामाला लावावे, तिच्या ताब्यात जाऊ नये. यात चुकीचे काही नाही. परंतु ही व्याख्याने ऐकताना मला नेहमी एक प्रश्न पडतो की, हे शिक्षण नेहमी खालच्यालाच का दिले जाते? टोमणा मारणाऱ्याला कोणी भावना आवरायला सांगत नाही. ज्याला टोमणा लागला त्याला सांगतात, ‘मनाला लावून घेऊ नका, जरा हसून घ्या.’

याविषयी अमेरिकेतल्याच एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी फार आधी लिहून ठेवले आहे. आर्ली हॉकशील्ड हे त्यांचे नाव. १९८३ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी विमानातील हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे नोकर अशा दोन प्रकारच्या नोकरांचा अभ्यास मांडला. एकीला प्रवाशाने अपमान केला तरी हसावे लागते, तर दुसऱ्याला समोरच्याची दया आली तरी दरडावावे लागते. दोघांनाही पगार केवळ हातापायांच्या कामाचा मिळत नाही; चेहऱ्यावर जे आणायचे आणि मनात जे दाबायचे त्याचाही तो पगार असतो. बाईंनी याला भावनिक श्रम म्हटले. वाचकहो, हे वाचल्यावर मला आपल्या वस्तीतल्या आया-बहिणी आठवल्या. रुग्णालयात आया म्हणून काम करणारी, चार घरी धुणीभांडी करणारी, मॉलच्या दारात पर्स तपासणारी आपली बहीण दिवसभर हेच श्रम करते. तिच्या पगारात त्याचा रकाना नाही!

आता बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांकडे वळू. ज्यांना ‘सहन करा’ एवढाच उपदेश केला जातो त्यांनी बाबासाहेबांची बडोद्याची नोकरी पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावी. १९१७ साल. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचे शिक्षण अर्धवट ठेवून, शिष्यवृत्तीच्या करारानुसार बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या सेवेत हजर झाले. महालेखापालांच्या कार्यालयात त्यांना उमेदवार म्हणून घेतले होते, म्हणजे आपल्यासारखीच हिशेबाच्या फायलींची नोकरी. चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे की, त्या कार्यालयातले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत आणि पिण्याचे पाणी त्यांना मिळत नसे. त्या काळी हिंदुस्थानात तेवढे शिकलेली माणसे किती होती? आणि फायली फेकणारा साधा शिपाई!

राहायला जागा मिळेना म्हणून ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले. बाबासाहेबांनी आठवडाभराची मुदत मागितली, ओळखीच्या दोन मित्रांकडे आसरा मागितला, तो मिळाला नाही. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. हे सर्व त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येते, असेही त्यांनी नोंदवले आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ‘बाबासाहेबांना कशाचे काही वाटत नसे’ अशा थाटात भाषणे होतात. त्यांना वाटत होते, आणि फार वाटत होते. पुढे १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तेव्हाही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये म्हणून सहकाऱ्यांपैकी काहींनी हरकत घेतली होती. शिकलेल्या लोकांचे हे कार्यालय!

मग त्या रागाचे बाबासाहेबांनी काय केले? १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. आणि मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर, देवळात शिरणार अशी अफवा उठवून गुंडांनी आपल्या लोकांना झोडपले, तेव्हा काय झाले तेही पाहा. आपल्या बाजूला लष्करातून निवृत्त झालेली, हातात बळ असलेली माणसे होती. नुसत्या एका शब्दाची वाट होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. लोकांना शांत केले, पोलिसांत तक्रार झाली, खटला उभा राहिला आणि मारणाऱ्यांपैकी काहींना शिक्षाही झाल्या. त्या दिवशी आपल्या लोकांचा हात उठला असता तर सरकारी कागदावर ‘दोन गटांत दंगल’ एवढेच आले असते. आवरलेला राग आणि गिळलेला राग यांत केवढे अंतर आहे ते महाडच्या त्या संध्याकाळी दिसते.

धम्माच्या नावावर आपल्याला कधी कधी जो उपदेश मिळतो त्याविषयीही बोलले पाहिजे. तथागतांना शिव्या देणाऱ्या ब्राह्मणाची गोष्ट विहारातून आपण ऐकलेली असते. राजगृहाच्या वेळुवनात भारद्वाज गोत्राचा एक ब्राह्मण येऊन भगवंतांना वाटेल ते बोलला. भगवंतांनी विचारले, तुमच्या घरी पाहुणे येतात का? त्यांच्यापुढे ठेवलेले अन्न त्यांनी घेतले नाही तर ते कोणाचे राहते? ‘माझेच’, ब्राह्मण म्हणाला. तर मग तुमच्या शिव्याही मी घेतल्या नाहीत, त्या तुमच्याच राहिल्या, असे भगवंतांनी सांगितले. गोष्ट फार मोलाची आहे. पण तिचा अर्थ कित्येक जण ‘गप्प बसा’ असा लावतात. अहो, भगवंत कुठे गप्प बसले? त्यांनी ब्राह्मणाला तोंडावर सांगितले की, हे तुमचे आहे, घरी घेऊन जा. न स्वीकारणे म्हणजे न बोलणे नव्हे.

याशिवाय विनयपिटक पाहावे. भिक्खुसंघही माणसांचाच होता. तिथेही भांडणे होत, आरोप होत. ते मिटवण्याचे सात नियम विनयात घालून दिले आहेत आणि त्यांतला पहिलाच नियम असा की, निवाडा संघासमोर, दोन्ही पक्ष समोरासमोर असताना व्हावा. म्हणजे तथागतांनी ‘प्रत्येकाने आपापले मन शांत करा आणि प्रकरण मिटले’ असे सांगून भागवले नाही. मनासाठी साधना दिली आणि अन्यायासाठी नियम दिले. आजच्या प्रशिक्षणात नेमका हा दुसरा भाग गाळलेला असतो!

साधनेचा भाग मात्र खरोखरच उपयोगी आहे, आणि तो शिकायला कोणत्याही कंपनीची फी भरावी लागत नाही. सतिपट्ठान सुत्तात चित्ताचे निरीक्षण सांगितले आहे. चित्त द्वेषयुक्त असेल तर ‘हे द्वेषयुक्त चित्त आहे’ असे जाणावे. नसेल तर नाही असे जाणावे. एवढेच. ते वाईट आहे म्हणून लपवायचे नाही आणि आपले आहे म्हणून कुरवाळायचेही नाही. टोमणा ऐकला की प्रथम कान तापतात, हाताची मूठ वळते, श्वास वर चढतो. त्या क्षणी मनात म्हणावे, ‘मला राग आला आहे.’ हे वाक्य दिसायला भोळे आहे, पण ते म्हणणारा माणूस त्या रागापासून वीतभर बाजूला झालेला असतो. त्या वीतभर जागेत त्याला ठरवता येते की नोंदवही आपटायची की पेन काढायचे. ज्यांना आनापान जमते त्यांनी ते करावे. ज्यांना जमत नाही त्यांनी उठून माठापर्यंत जाऊन पेलाभर पाणी प्यावे. आज त्या माठाला आपल्याला कोणी अडवू शकत नाही, हे कोणामुळे ते पाणी पिताना आठवले तरी मन ठिकाणावर येते.

आता जो राग कार्यालयात गिळला जातो तो जातो कुठे, तेही पाहू. एका गृहस्थांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी हजर होतो. तीस वर्षांच्या नोकरीत कोणाला उलट उत्तर नाही. साहेबांनी शाल-श्रीफळ देताना ‘फार शांत स्वभावाचे’ असे म्हटले. शेवटच्या रांगेत बसलेला त्यांचा मोठा मुलगा माझ्या ओळखीचा. तो हळूच म्हणाला, ‘आमच्या घरी संध्याकाळी बाबांच्या सायकलची घंटी वाजली की आम्ही भावंडे पलंगाखाली जात असू.’ आई मात्र पलंगाखाली जाऊ शकत नव्हती! हा तोल आपल्या किती घरांत असा सांभाळला जातो याचा ज्याने त्याने आपल्या मनाशी विचार करावा. दिवसभर साहेबांपुढे मान खाली आणि रात्री बायकोपुढे आवाज वर. काही जण दोन्हींच्या मध्ये गुत्त्याची पायरी चढतात, ‘टेन्शन आहे’ म्हणतात. सुरामेरय शिक्षापद घेतलेल्या हाताने ग्लास धरण्याचे हे कारण होऊ शकत नाही. आणि समजा झाले, तरी ज्या सहकाऱ्याने टोमणा मारला त्याच्या घरी त्या रात्री काहीच बिघडलेले नसते, तिथे सगळे जेवून सुखाने झोपलेले असतात.

बायकांचा तर राग धरलाच जात नाही. कामावर मुकादमाचे ऐकायचे, घरी नवऱ्याचे, आणि मध्ये रिक्षा-बसमध्ये धक्के. सांगायचे कोणाला? म्हणून एक सुचवतो. घरी आल्यावर चहा टाकायच्या आधी दहा मिनिटे नवरा-बायकोने एकमेकांना दिवसभरातले एक बरे आणि एक वाईट सांगावे. उपाय मागायचा नाही, उपदेश द्यायचा नाही, फक्त ऐकायचे. ‘तू तिथे असे बोलायला हवे होतेस’ हे वाक्य त्या दहा मिनिटांत बंद. आमच्या भागातल्या महिला मंडळात काही भगिनींनी हे सुरू केले. पहिल्या आठवड्यात नवरे हसले. पुढे त्यांतलेच एक जण बायको माहेरी गेली तेव्हा फोन करून म्हणाले, ‘आजचे सांगायचे राहिले.’

याच ओघात एक कडू गोष्ट. आपला माणूस अधिकारी झाला की त्याच्या केबिनबाहेर शिपाई का थरथरतो? सगळेच तसे नाहीत, पण काही आहेत. ज्या आवाजात पूर्वी त्यांच्यावर ओरडले गेले तोच आवाज त्यांनी उचललेला असतो. सफाई कामगाराला ‘ए’ म्हणून हाक मारणारा साहेब चौदा एप्रिलला मंचावर समतेवर बोलतो तेव्हा तो सफाई कामगार खाली सतरंजीवर बसून ऐकत असतो.

तर त्या तरुण लिपिकाने काय करायला हवे होते? पहिला टोमणा ऐकला त्या दिवशीच, आवाज न चढवता, चारचौघांत एवढेच म्हणायचे होते : ‘साहेब, मी परीक्षा देऊन आलो आहे. हा शब्द पुन्हा वापरू नका.’ हसायचे नाही. आपण हसलो की पुढे ‘तेही हसत होते, गंमत चालली होती’ असा जबाब होतो. घरी गेल्यावर एका वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे लिहायची. रागाचे वर्णन नको, फक्त शब्द. कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आरक्षणावरचे गलिच्छ विनोद येत असतील तर तिथे भांडत बसू नये. तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवावा. तीन-चार नोंदी झाल्या की लेखी तक्रार द्यावी. जमल्यास संघटनेमार्फत, आणि केंद्र सरकारच्या कार्यालयात असाल तर अनुसूचित जातींसाठी नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्यांना तिची प्रत द्यावी.

हजर असलेल्यांची नावे लिहा असे मी का म्हणतो? १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या हाताशी आहे आणि २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो अधिक विस्तारला आहे. पण जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ यासंबंधीच्या कलमात ती गोष्ट लोकांच्या नजरेसमोर घडली पाहिजे अशी अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली चार भिंतींच्या आत, बाहेरचा कोणी हजर नसताना घडलेल्या गोष्टीला हे कलम लागत नाही असे म्हटले. २०२५ साली तामिळनाडूतील एका सरकारी कार्यालयाच्या खोलीत घडलेल्या प्रकरणातही तोच निकाल दिला. तिथे सहकारी नंतर आले होते. बंद केबिनमध्ये बोलावून जो बोलतो त्याला हे ठाऊक असते असे समजूनच चालावे. केबिनमध्ये बोलावणे आले तर सोबत कोणाला तरी नेण्याचा आग्रह धरावा. ते जमले नाही तर बाहेर आल्याबरोबर ‘आपण आत्ता मला असे असे म्हणालात’ हे लेखी कळवावे. कलम लागो न लागो, वर्तणुकीची तक्रार तरी कागदावर येते.

गोपनीय अहवालाची भीती अनेकांना गप्प ठेवते. त्यासाठी २००८ चा देव दत्त प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात असावा. सरकारी नोकराच्या अहवालातील प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, त्याला कळवलाच पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडायची संधी दिली पाहिजे, असा तो निकाल आहे. भगिनींच्या बाबतीत अंगचटी, घाणेरडे बोलणे असा प्रकार असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. घरकाम करणाऱ्या किंवा लहान दुकानातील भगिनींसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी लागते, ‘बघू पुढे’ म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते.

कंत्राटावरच्या मुलांचे दुखणे याहून मोठे आहे, हे मला कळते. त्यांना ना मेमो, ना अहवाल. ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढ्यावर काम संपते. त्यांनी एकट्याने पुढे होऊ नये. वही मात्र त्यांनीही ठेवावी आणि तक्रार चार-पाच जणांच्या सह्यांनी, ठेकेदाराबरोबरच मूळ आस्थापनेलाही द्यावी. आपल्या सामाजिक संघटनांनी जयंतीच्या वर्गणीसाठी जेवढ्या चकरा मारल्या जातात त्यातल्या निम्म्या या मुलांसाठी मारल्या तरी पुष्कळ होईल.

त्या लिपिकाच्या मेमोचा खुलासा आम्ही दोघांनी बसून लिहिला. नोंदवही आपटल्याचे आणि वाईट शब्द गेल्याचे त्याने साफ मान्य केले, दुरुस्तीचा खर्च देण्याची तयारी दाखवली, आणि त्याखाली आठवतील तेवढ्या तारखा, शब्द व साक्षीदारांची नावे दिली. पहिल्या मसुद्यात त्याने दीड पान संताप लिहिला होता. तो कागद मी फाडू दिला नाही, घरी ठेवायला सांगितला. दुसरा मसुदा एका पानात बसला. तो घेऊन तो आवक शाखेत गेला, दुय्यम प्रतीवर शिक्का घेतला, आवक क्रमांक आणि तारीख पडली आहे की नाही ते खिडकीपाशीच उभे राहून वाचले आणि मग जागेवर येऊन कामाला लागला.